"पोटात दुखतंय" म्हणजे नक्की कुठे? आपलं शरीर आपल्याला किती माहीत आहे?

कोलबाडकरीण | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचते, आज लिहायला बसले कारण विषय डोक्यातून जात नाहीये.

मागच्या महिन्यात पहाटे साडेचारला सासऱ्यांना अस्वस्थ वाटायला लागलं. वय ७१. म्हणाले पित्त झालंय, रात्री वालाचं बिरडं जास्त झालं. बोट ठेवून दाखवलं ते छातीच्या हाडाखाली, बरगड्या जिथून दोन बाजूंना फाकतात त्या खळगीत. सासूबाईंनी थंड दूध दिलं, मी पित्ताची गोळी दिली, जरा बरं वाटतंय म्हणाले, परत सुरू झालं, घाम फुटला तर आम्ही पंखा वाढवला. दीड तास असा गेला. शेवटी समोरच्या फ्लॅटमधली मुलगी, नर्सिंग करते ती, दुधाची पिशवी घ्यायला दारात आली होती, तिने नुसता चेहरा बघितला आणि म्हणाली काकू आत्ता १०८ लावा. हार्ट अटॅक होता, हृदयाच्या खालच्या भिंतीचा. अँजिओप्लास्टी झाली, आता छान आहेत, सकाळी ठाण्याच्या तलावपाळीला एक फेरी मारून येतात.

डिस्चार्जच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. हृदयाची खालची बाजू एका पडद्यावर टेकलेली असते, श्वासपटल म्हणतात त्याला, आणि त्या पडद्याच्या लगेच खाली जठर. दोघांकडून येणाऱ्या नसा मज्जारज्जूत जवळपास एकाच ठिकाणी शिरतात, म्हणून मेंदूला कळत नाही की ओरडतंय कोण. एकाच इंटरकॉमवर दोन फ्लॅट जोडले तर वॉचमनला कसं कळणार, तसं.

त्या रात्री घरी आल्यावर मी सगळ्यांना विचारलं, लिव्हर कुठे असतं दाखवा. नवऱ्याने डावीकडे हात ठेवला. सासूबाई म्हणाल्या पोटात. मुलगी नववीत, तिने लिव्हरची कामं घडाघडा सांगितली पण स्वतःच्या अंगावर कुठे ते तिला दाखवता येईना. मलाही किडनी पुढे पोटात असते असंच वाटत होतं इतकी वर्षं.

तर पुढच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये तासभर सगळ्यांना जमवायचं ठरवलंय, आजीआजोबा आणि मुलं दोन्ही. औषधं आजार वगैरे नाही, नुसतं आत काय काय आहे, कुठे आहे आणि काय करतं. तुम्हाला काय माहीत नव्हतं, कधी कळलं, आणि एका तासात नेमकं काय सांगावं, प्लीज लिहा.

भिंगरी | सोमवार, रात्री १०:०५

बाप रे. सासरे बरे आहेत वाचून जीव भांड्यात पडला. आत्ता आईला फोन करून विचारलं लिव्हर कुठे, तर ती म्हणाली "झोप आता". उद्या परत विचारते.

निवृत्त_सिस्टर | सोमवार, रात्री ११:२०

कोलबाडकरीण, फार चांगलं काम हातात घेतलंत. चौतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत म्हणून जरा लांबण लावते.

आपल्याकडे गळ्याखालून मांडीपर्यंत सगळं "पोट". पेशंट सांगतो पोटात दुखतंय आणि त्या एका शब्दात जठर, लिव्हर, पित्ताशय, आतडी, अपेंडिक्स, गर्भाशय, मूत्राशय एवढी सगळी बसलेली असतात. म्हणून मी नवीन मुलींना शिकवायचे, पेशंटला शब्द विचारू नका, बोट ठेवायला सांगा. बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ मारा, पोटाची चार घरं होतात. उजवीकडे वर, बरगड्यांच्या आड लिव्हर आणि त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेलं पित्ताशय. डावीकडे वर जठर आणि प्लीहा. उजवीकडे खाली अपेंडिक्स. डावीकडे खाली मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. मध्ये अगदी खाली मूत्राशय, बायकांमध्ये त्याच्या लगेच मागे गर्भाशय. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं, त्याचं दुखणं म्हणून पाठीत शिरतं. एवढं आलं तरी पुष्कळ झालं.

आता यातली मेख. दुखतं तिथेच बिघाड असतो असं नाही. अपेंडिक्सचं दुखणं बऱ्याचदा आधी बेंबीभोवती मोघम सुरू होतं, मग काही तासांनी उजवीकडे खाली जाऊन बसतं. कारण आतल्या अवयवाला स्वतःचा पत्ता नीट सांगता येत नाही, त्याचा निरोप मोघम जातो. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की मग नेमकी जागा कळते, कारण त्या अस्तराच्या नसा कातडीसारख्या, बोट ठेवून सांगणाऱ्या. पित्ताशयात खडे असले की कधी उजवा खांदा दुखतो, लोक बाम चोळत बसतात. श्वासपटलाची नस मानेतून निघते आणि खांद्याची संवेदनाही तिथूनच, म्हणून हा घोळ.

त्यामुळे हॉलमध्ये एक वाक्य सगळ्यांकडून पाठ करून घ्या: कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, सोबत काय होतंय. आणि घाम, धाप, जबडा किंवा डावा हात दुखणं यातलं काही सोबत असेल तर दूध, सोडा, आलेपाक काही नाही, थेट फोन. बायकांना आणि डायबेटिस असलेल्यांना तर छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो, नुसती धाप नाहीतर मळमळ, हे आवर्जून सांगा.

अजून एक. दवाखान्यातल्या पोस्टरवर लिव्हर आपल्याला डावीकडे दिसतं, कारण चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. तुमचे मिस्टर डावीकडे हात का ठेवतात त्याचं कारण मला वाटतं हेच.

घणसोलीकर | मंगळवार, सकाळी ७:१५

आमचं शरीरशास्त्र सगळं मटणाच्या दुकानात झालं. आम्ही आगरी, बापूस बोकड आणायचा आणि कापताना आम्ही पोरं समोर उकिडवे बसायचो. कलेजी, गुर्दा, तिल्ली, फेफडं, भेजा, वजडी (म्हणजे जठर-आतडी), सगळी नावं पहिलीत जायच्या आधी पाठ. नंतर शाळेत बाईंनी यकृत, मूत्रपिंड, प्लीहा म्हटलं तेव्हा लगेच कळलं, अरे ही तर आपली कलेजी.

त्यात एक गंमत, काळीज. आपण म्हणतो काळजाचा ठोका चुकला, काळीज फाटलं, म्हणजे हृदय. पण दुकानात काळीज मागा, लिव्हर मिळेल! खरं काळीज कलेजीच, ठोका तिला नसतोच.

शिकवायचं असेल तर बोकडाचं हृदय उभं चिरून दाखवा. डावी भिंत जाड, उजवी पातळ, डोळ्यांनी दिसतं. डाव्या बाजूला डोक्यापासून पायापर्यंत रक्त ढकलायचं असतं, उजवीला फक्त शेजारच्या फुप्फुसात पाठवायचं. माणसातही तसंच, डावी भिंत साधारण एक सेंटीमीटर जाड आणि उजवी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. आणि फेफडं पाण्यात टाका, तरंगतं, कारण आत हवेचे फुगेच फुगे. पोरं हे जन्मात विसरणार नाहीत.

आजोबा_पाचपाखाडी | मंगळवार, सकाळी ८:४०

घणसोलीकर, उपाय उत्तम, पण सोसायटीचा हॉल आहे तो, तिथे सत्यनारायणही होत असणार. शाडूची माती चालेल का?

घणसोलीकर | मंगळवार, सकाळी ८:५२

चालेल की आजोबा. गणपतीची उरलेली असेल कोणाकडे तरी.

घोडबंदरकर | मंगळवार, दुपारी १:३०

माझा मुद्दा वेगळा आहे. अर्धा घोळ "पित्त" या शब्दाने केलाय. छातीत जळजळलं की पित्त, डोकं दुखलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, हिरवट उलटी झाली की पित्त. जळजळ होते ती जठरातल्या आम्लाने, ते हायड्रोक्लोरिक ॲसिड, जठराच्या भिंतीतच तयार होतं. पित्तरस वेगळाच, तो लिव्हर बनवतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, पित्ताशयात साठून घट्ट होतो आणि तेलकट खाल्लं की लहान आतड्याच्या तोंडाशी सोडला जातो, चरबीचे बारीक थेंब करायला. अंगावर उठतं त्याचा तर या दोघांशी संबंध नाही, ती त्वचेतली ॲलर्जीची रिॲक्शन. तीन वेगळ्या गोष्टींना एक नाव दिलं आणि चौथी म्हणजे हार्ट अटॅक, तोही त्याच नावाखाली लपला. हा शब्दच घरातून काढून टाका असं माझं मत.

वैद्य_खारेगाव | मंगळवार, दुपारी ३:१०

शब्द काढून टाकायचा म्हणजे अति झालं. आयुर्वेदात पित्त हा दोष आहे, एक तत्त्व, पचन आणि उष्णता त्याचं काम. तो एखाद्या पिशवीतला द्रव असा अर्थच नाही. आणि ज्याला तुम्ही ॲसिडिटी म्हणता त्याला अम्लपित्त असा स्वतंत्र शब्द आहेच. लोकांनी अम्ल गाळलं आणि नुसतं पित्त ठेवलं. पण मी स्वतः वैद्य असून सांगतो, पन्नाशीच्या पुढचा माणूस घामाघूम होऊन पित्त झालंय म्हणाला तर मी त्याची नाडी बघत बसत नाही, आधी ईसीजी काढून आणायला पाठवतो.

घोडबंदरकर | मंगळवार, दुपारी ३:२५

शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला नमस्कार. शब्द राहू दे. पण निदान "कुठे जळजळतंय" हा पुढचा प्रश्न तरी घरात विचारला जावा.

चाफेकळी | मंगळवार, रात्री ९:००

घोडबंदरकर शब्दांचं म्हणालात म्हणून आमच्या मावशीचं सांगते. मावशीचं तीस वर्षांपूर्वी गावाकडे ऑपरेशन झालेलं, घरात सगळे म्हणायचे "पिशवी काढली". परवा इथे सोनोग्राफीला नेलं, तिथे विचारलं आधीचं ऑपरेशन काय, मी ठामपणे सांगितलं गर्भपिशवी काढलीय. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या अहो गर्भाशय तर मला समोर दिसतंय, पित्ताशय नाहीये. म्हणजे पित्ताची पिशवी काढली होती! तीस वर्षं मावशीला कुणी नीट सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही, कागदही नाहीत. पुन्हा इतकी वर्षं तिला वाटत होतं की पिशवी नाही म्हणजे तिथला काही आजार आता होणार नाही, तपासणी म्हणून कधी केलीच नाही. मला रडायला आलं तिथेच.

उलट बाजूने, ज्यांचं गर्भाशय काढलंय त्यातल्या अनेक बायकांना हे माहीत नसतं की बीजकोश ठेवलेत की तेही काढलेत. गर्भाशय म्हणजे मुठीएवढी स्नायूंची पिशवी, बीजकोश तिच्या दोन बाजूंना बदामाएवढे, हॉर्मोन्स ते बनवतात, गर्भाशय नाही. दोन्ही काढले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात, हाडंही ठिसूळ व्हायला लागतात. हॉलमध्ये बायका असतील तर हे नक्की बोला, कुजबुजत नको, नेहमीच्या आवाजात.

निवृत्त_सिस्टर | मंगळवार, रात्री ९:३०

चाफेकळी, अगदी मनातलं लिहिलंस. आणि डिस्चार्ज कार्ड कधीच टाकू नका कोणी. लॅमिनेट नको, शाई पुसट होते, साधी झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो.

ट्रान्सहार्बर | बुधवार, सकाळी ९:१५ (ट्रेनमधून)

किडनीचं मी सांगतो. ऐरोलीला ऑफिस. एकदा ठाण्याहून गाडीत उभा होतो आणि कमरेच्या वर मागे उजवीकडे असं काही दुखायला लागलं की बसता येईना उभं राहता येईना. लोक म्हणाले चमक भरली, लचक असेल. लचक असली की माणूस हलायचा थांबतो, मी तर गडाबडा लोळायला जागा शोधत होतो. मग दुखणं पुढे जांघेकडे उतरलं. मुतखडा होता, ४ मिलिमीटर, पाणी आणि गोळ्यांवर आठवड्यात पडला.

तेव्हा कळलं की किडन्या पोटात पुढे नसतातच, मागे पाठीच्या स्नायूंना टेकून, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला. आणि उजवी डावीपेक्षा जरा खाली, कारण तिच्या डोक्यावर लिव्हर बसलेलं. किडनीपासून मूत्राशयापर्यंतची नळी वीतभराहून थोडी लांब आणि आतून पेन्सिलच्या शिशाएवढीच रुंद, त्यात खडा अडकला की ती नळी आवळून आवळून त्याला ढकलायला बघते, ती कळ असते.

अजून एक हिशोब मला फार आवडतो. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर गाळून काढतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. आपल्या ऑफिसात येतो तो पाण्याचा २० लिटरचा जार, तसे नऊ जार. प्रत्येक किडनी बंद मुठीपेक्षा थोडी मोठी, वजन दीडशे ग्रॅम, आणि आत दहा लाखांच्या आसपास गाळण्या.

आलं ऐरोली. उतरतो.

कोपरीचे_सर | बुधवार, रात्री ८:२०

ट्रान्सहार्बर, वा! असंच शिकवायला हवं. मी निवृत्त विज्ञान शिक्षक. आकडे मुलांना आवडतात पण ते घरातल्या वस्तूंना बांधून द्या. माझे काही:

हृदय ज्याच्या त्याच्या मुठीएवढं, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखावर जातात. मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त, म्हणजे तेलाचा एक डबा. दिवसाचे ७२०० लिटर. घोडबंदरला उन्हाळ्यात टँकर येतात ना, एक छोटा टँकर म्हणा. पण अंगात रक्त असतं एकूण ५ लिटरच, म्हणजे तेच रक्त मिनिटाला एक पूर्ण चक्कर मारतं. हे चक्कर मारणं हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६२८ मध्ये असाच हिशोब करून सिद्ध केलं. हृदय इतकं रक्त तासाला बाहेर टाकतं, तेवढं रक्त शरीर रोज नव्याने बनवूच शकत नाही, तेव्हा तेच फिरून येत असणार. मी वर्गात हा हिशोब मुलांकडून करवून घ्यायचो, उत्तर आलं की शांतता पसरायची.

लिव्हर दीड किलो, आतल्या अवयवांत सगळ्यात जड. आतड्यातून आलेलं रक्त आधी त्याच्याकडे जातं, आणि मगच बाकी शरीराकडे. चेकनाकाच म्हणा आनंदनगरचा. आणि हा एकच असा मोठा अवयव की त्याचा मोठा तुकडा काढला तरी राहिलेला भाग काही आठवड्यांत वाढून जवळपास पहिल्याएवढा होतो, त्यामुळेच जिवंत माणूस आपल्या लिव्हरचा भाग दुसऱ्याला देऊ शकतो.

आणि आतडी. तोंडापासून शेवटपर्यंत ही सगळी नळी लांब केली तर साधारण नऊवारी लुगड्याएवढी भरते. त्यातलं लहान आतडं सहा मीटर, मोठं दीड मीटर. हे माप मृत शरीरातलं हं, जिवंतपणी स्नायू आवळलेले असतात म्हणून लांबी बरीच कमी.

शंकासूर | बुधवार, रात्री ८:४५

सर, हृदय डावीकडेच असतं ना नक्की? प्रतिज्ञेला आपण हात तर पार डाव्या बाजूला ठेवायचो.

कोपरीचे_सर | बुधवार, रात्री ९:१०

मधोमध, छातीच्या हाडामागे. टोक तेवढं डावीकडे झुकलेलं, ठोका तिथे लागतो म्हणून डावीकडे वाटतं. त्याला जागा द्यायची म्हणून डावं फुप्फुस जरा लहान, त्याचे दोन खण आणि उजव्याचे तीन. आणि साधारण दहा हजारांत एखादा माणूस असा असतो की त्याचं सगळंच उलट, हृदयाचं टोक उजवीकडे, लिव्हर डावीकडे. बहुतेकांना काही त्रास नसतो, एक्स-रे काढेपर्यंत कळतही नाही.

फिजिओ_नेरूळ | गुरुवार, दुपारी २:००

पोटावर सगळे बोललात, मला "शीर" या शब्दावर बोलायचंय. रोज दहा लोक येऊन सांगतात शीर दबली, शीर आखडली, शिरेवर शीर चढली. शीर म्हणजे कोणाला रक्तवाहिनी म्हणायची असते, कोणाला मज्जातंतू, कोणाला स्नायू हाडाला बांधणारी दोरी. तिन्हींचं दुखणं वेगळं, उपाय वेगळा. मान धरते तेव्हा बहुतेक वेळा स्नायू आखडलेला असतो. मज्जातंतू दबला असेल तर मुंग्या येतात, बधिरपणा येतो, दुखणं एका रेषेत खाली उतरतं.

तसंच "गादी सरकली". दोन मणक्यांच्या मधली चकती उशीसारखी सरकून बाहेर पडत नाही. बाहेरून चिवट कडं आणि आत जेलीसारखा गर. कड्याला चीर गेली की गर फुगून मज्जातंतूला टोचतो. या चकत्या दिवसभराच्या वजनाने चेपतात, रात्री पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपण सेंटीमीटरभर उंच असतो. मुलांना भिंतीवर पेन्सिलने खूण करायला सांगा, झोपेतून उठल्याउठल्या एक आणि रात्री एक, त्यांचं तेच बघतील.

आणि बेंबी सरकणे. राग मानू नका पण बेंबी म्हणजे गर्भात नाळ जोडली होती तिचा व्रण. तिला सरकायला मागे काही नाही. बघणारे बेंबीवर बोटं ठेवून धडधड कुठे लागते ते बघतात, ती धडधड मोठ्या रोहिणीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची असते, ती मणक्यांच्या पुढून खाली येते आणि साधारण बेंबीच्याच पातळीला दोन पायांकडे फुटते. बारीक माणसाला सहज हाताला लागते.

भिंगरी | गुरुवार, दुपारी २:४०

माझी आजी बेंबी बसवायची, अख्खी आळी यायची तिच्याकडे. तेल लावून अंगठ्याने चोळायची आणि लोक बरे होऊन जायचे, मी स्वतः गेलेय बरी होऊन. त्यामुळे हे सगळं खोटं असं मला नाही म्हणवत.

फिजिओ_नेरूळ | गुरुवार, दुपारी ३:१५

आजीच्या हाताने बरं वाटायचं हे खरंच आहे, मी नाकारतच नाहीये. गॅस अडकलेला असतो, पोटाचे स्नायू आवळलेले असतात, ऊबदार तेलाने आणि चोळण्याने सैल पडतात. चुकलं असेल तर कारण, हात नाही. फक्त ताप असेल, उलट्या असतील, पोट फळीसारखं कडक असेल तर चोळायचं नाही. अपेंडिक्स असलं तर चोळण्याने नुकसान होतं.

भिंगरी | गुरुवार, दुपारी ३:२२

हे पटलं. आजीही ताप असला की हात लावायची नाही, डॉक्टरकडे धाडायची, आत्ता आठवलं.

आजोबा_पाचपाखाडी | गुरुवार, रात्री १०:३०

हा धागा चार दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

आमच्या हिचं तीन वर्षांपूर्वी देहदान केलं. तिचीच इच्छा, फॉर्म तिनेच आणून भरला होता, माझ्या आधी स्वतःची सही करून मोकळी. ती म्हणायची, डॉक्टर लोक हे सगळं शिकतात ते कोणाच्या तरी अंगावर शिकतात ना, मग माझं का नको. डोळे आधी दिले, सहा तासांच्या आत द्यावे लागतात, डोळे दिले तरी वैद्यकीय महाविद्यालय देह स्वीकारतं. आपल्याकडे त्यासाठी १९४९ चा कायदा आहे. फॉर्म भरला तरी शेवटी घरच्यांनी हो म्हणावं लागतं, त्यामुळे मुलांना आधीच विश्वासात घ्या.

तिकडे सोपवताना एक तरुण मुलगी आली, पहिल्या वर्षाला असावी. म्हणाली, आजोबा, आम्ही पहिल्या दिवशी यांच्यासमोर उभं राहून शपथ घेतो, यांना आम्ही पहिले गुरू मानतो. मी काही बोलू शकलो नाही.

नंतर मी या विषयावर बरंच वाचलं. सुश्रुताने सांगून ठेवलंय की ज्याला शरीर कळून घ्यायचंय त्याने मृतदेह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवावा, सात रात्रींनंतर काढून वाळ्याच्या, बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत थर न् थर डोळ्यांनी बघावा. पुढे ते सगळं बंद पडलं, शिवायचं नाही म्हणून. १८३६ मध्ये कलकत्त्याला मधुसूदन गुप्त नावाच्या वैद्यांनी पुन्हा विच्छेदन केलं. तोवर आपल्याकडे कितीतरी शतकं नुसती पाठांतरावर गेली. सुश्रुताने हाडं ३०० मोजली, आज ती प्रौढ माणसात २०६ धरतात. जन्मतः ती पावणेतीनशेच्या घरात असतात, वाढताना एकमेकांत सांधली जातात.

भिंगरी | गुरुवार, रात्री १०:४८

आजोबा, वाचून डोळे भरून आले. आजींना नमस्कार.

आणि तुम्ही जुन्या काळचं म्हणालात म्हणून, आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्या, जन्म १८६५. एकवीस वर्षांच्याही नव्हत्या तेव्हा १८८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. ज्या काळात बायकांनी डॉक्टरला जीभसुद्धा दाखवायची नाही त्या काळात त्यांनी हे सगळं शरीर शिकून घेतलं. हॉलमध्ये मुलींना हे सांगा ना.

शंकासूर | शुक्रवार, सकाळी ११:००

एक विचारायचं राहिलं, नावं मराठीत सांगणार की इंग्रजीत? यकृत म्हटलं की आमच्या आईला कळत नाही, लिव्हर कळतं. पण "स्प्लीन" म्हटलं तर तेही कळत नाही.

घणसोलीकर | शुक्रवार, सकाळी ११:१०

तिल्ली म्हणा, कळेल.

कोपरीचे_सर | शुक्रवार, दुपारी १२:३०

तिन्ही लिहा. रिपोर्ट इंग्रजीत येतो, पुस्तकात मराठी असतं आणि घरात तिसरंच. एका अवयवाखाली तिन्ही नावं, देवनागरीत, मोठ्या अक्षरात. आजी-आजोबांना रिपोर्टवरचा शब्द ऐकून निदान कोणत्या अवयवाबद्दल चाललंय एवढं कळायला हवं.

कोलबाडकरीण | रविवार, रात्री ९:१५

आज झालं! थकलेय पण आधी इथे लिहिते.

पंचवीस जण येतील वाटलं होतं, चाळीस आले, हॉलच्या खुर्च्या कमी पडल्या. जुनी पांढरी चादर जमिनीवर पसरली, त्यावर मुलीला झोपवून खडूने बाह्यरेषा मारली. मग सिस्टर म्हणाल्या तशी चार घरं. शाडूचे अवयव मुलांनी काल गच्चीत बसून केले होते, प्रत्येकाला एकेक देऊन म्हटलं ठेवा जागेवर. पहिलं लिव्हर गेलं आकृतीच्या डाव्या बाजूला. मग मुलीला उठून चादरीवर त्या आकृतीसारखंच झोपायला सांगितलं आणि तिचा उजवा हात वर करायला लावला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकदम "अरेच्चा" निघालं. किडन्या ठेवताना चादर उलटी करावी लागली, ते ट्रान्सहार्बरमुळे. पाण्याचे नऊ जार काही जमले नाहीत, तीन मिळाले, बाकीच्या सहांच्या जागी मुलं उभी केली.

सरांनी सांगितलेलं लुगडं सासूबाईंनी स्वतः आणलं, त्यांच्या आईचं, हिरवं. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धरलं, आणि मग मुलांना म्हटलं आता हे चादरीवरच्या पोटात बसवा. घड्या घालून, वळवून, परत उलगडून, पंधरा मिनिटं चाललं होतं. घणसोलीकर, वजडीचा उल्लेख एका काकांनी आपणहून केला, तुमची आठवण झाली.

चाफेकळीचं मी बायकांसमोर वाचून दाखवलं. नंतर तिघी जणी येऊन म्हणाल्या आम्हालाही माहीत नाही नक्की काय काढलंय, आता जुने कागद शोधतो.

शेवटी मी सासऱ्यांना विचारलं नव्हतं पण ते स्वतःच उठले. हळूहळू चादरीपर्यंत आले, वाकता येत नाही त्यांना फार, म्हणून मुलीच्या हातात लाल स्केचपेन दिलं आणि बोट दाखवून तिला खूण करायला लावली, बरगड्यांच्या मधल्या खळगीत. म्हणाले, मला इथे दुखत होतं आणि मी दीड तास पित्त पित्त करत बसलो, तुम्ही बसू नका. मग परत जाऊन खुर्चीत बसले. ती चादर आता सोसायटीच्या ऑफिसबाहेरच्या भिंतीला लावलीय, वर १०८ मोठ्या अक्षरात.

आता मागणी आलीय पुढच्या महिन्यात मेंदू घ्या, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, ते सगळं. हे मला झेपणार नाही. कोणी येईल का?

निवृत्त_सिस्टर | रविवार, रात्री ९:४०

मी येते. नौपाड्यातच राहते, चालत येईन. फक्त शाडू जास्त ठेवा, मेंदूच्या वळ्या करायला वेळ लागतो.